प्रार्थनेला पुरावा कुठे मागायचा?

प्रार्थना हे वाक्य असतं, पण ते खरं वा खोटं ठरत नाही, असं ॲरिस्टॉटलने नोंदवून ठेवलं आहे. विधान म्हणून मांडलेली गोष्ट आणि तशी न मांडलेली गोष्ट, हा भेद स्पॅनिशमध्ये क्रियापदाच्या रूपातच दिसतो. 'देव आहे असं मला वाटतं' यातल्या 'आहे'साठी 'आय' चालतं. 'वाटत नाही' म्हटलं, की त्याच जागी 'आया' हे सब्जंक्टिव्ह रूप येतं. मराठीत दोन्हीकडे 'आहे'च. स्पॅनिशची ही सब्जंक्टिव्ह रूपं बनतात वर्तमानकाळातल्या 'मी'च्या रूपावरून: 'बेंगो' (मी येतो) मधला 'ओ' काढून 'आ' लावला की 'बेंगा', 'आगो' (मी करतो) चं 'आगा'. ज्यांचं 'मी'चं रूप असं साध्या 'ओ'ने संपत नाही, ती असणे, जाणे, देणे, जाणणे अशा अर्थांची सहा क्रियापदं मात्र वेगळ्या वाटेने जातात. 'सेर'चं 'सेआ' होतं, 'साबेर'चं 'सेपा'. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेच्या स्पॅनिश पाठात पहिल्या तीन मागण्या 'सेआ', 'बेंगा' आणि 'आगासे' यांवरच उभ्या आहेत. नाव पवित्र मानलं जावो, राज्य येवो, इच्छा पूर्ण होवो.

सब्जंक्टिव्ह हे संशयाचं रूप, असं सर्रास शिकवलं जातं. ते मानलं तर भक्त प्रार्थना करतानाच शंका घेतो, असं म्हणावं लागेल. पण 'तू येतोस याचा आनंद आहे' या वाक्यातही स्पॅनिश माणूस 'बेंगास' म्हणतो, आणि तिथे येण्याबद्दल तिळमात्र शंका नसते. हे रूप एवढंच सांगतं, की बोलणारा ती गोष्ट माहिती म्हणून पुढे ठेवत नाही. म्हणून राज्य आलं नाही, या कारणाने 'बेंगा' खोटं पडत नाही. ही श्रद्धेची पळवाट आहे, असा आक्षेप येईल. तो रास्त ठरला असता, पण त्याच प्रार्थनेच्या आरंभी, पित्याला हाक मारताना, 'एस्तास' आहे: तू स्वर्गात आहेस. हे सरळ विधानाचं रूप, आपल्या व्याकरणातला स्वार्थ. नास्तिकाने पुरावा मागायचा तो इथे, आणि भक्ताने तो प्रश्न टाळू नये. व्याकरण ही नुसती सवय, तिच्यातून देव सिद्ध होत नाही, हेही मान्य. पण प्रार्थनेचा कोणता भाग पुराव्याला बांधील आहे, हे ती सवय नेमकं दाखवते. शिवाय 'बेंगा' तृतीयपुरुषी आहे, आपल्या 'येवो'सारखं. न्याय येवो, असं म्हणायला समोर ऐकणारा कुणी असावाच लागत नाही, आणि 'एस्तास' न मानणाराही ते मनापासून म्हणू शकतो.