नातवंडांच्या नावाची हुंडी

माणसाच्या हातून जे घडते त्याचा जाब त्याला द्यावा लागतो. जे त्याच्या हाताबाहेर असते ते सोसावे लागते, पण त्याबद्दल त्याला कोणी जाब विचारीत नाही. हा भेद नीतीचा विचार करणाऱ्यांनी पूर्वापार मानला आहे. पाऊस आजवर या दुसऱ्या प्रकारात मोडत आला. दुर्गादेवीच्या दुष्काळाची कथा आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकली आहे. १८७६ ते १८७८ या वर्षांत धारवाड, बेळगाव, विजापूर या मुलखाने भयंकर दुष्काळ सोसला, हे इतिहासात नमूद आहे. त्या काळच्या सरकारला किंवा सावकाराला दोष देता येईल. परंतु पाऊस न पडण्याचा दोष कोणाच्याही माथी मारता येत नव्हता. आपल्या काळात ही स्थिती पालटली आहे. जे केवळ दैव होते त्यात आता माणसाच्या कर्माचाही वाटा शिरला आहे. म्हणून हवामान हा विषय निव्वळ भूगोलाचा न राहता अर्थशास्त्राचा आणि नीतीचाही झाला आहे. आपल्या महाविद्यालयांतून तो तसा शिकवला जातो काय, आणि न शिकवला तर बिघडते काय, एवढाच प्रश्न येथे मांडावयाचा आहे.

आमचे स्वतःचे शिक्षण शालान्त परीक्षेपुरतेच. महाविद्यालयांनी काय शिकवावे हे बोलण्याचा आम्हांस अधिकार काय, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, तेथे शिकून बाहेर पडणारी मुले उद्या बँकेत बसून कर्ज मंजूर करतील, विम्याचे हप्ते ठरवतील, धरणाचे व रस्त्याचे नकाशे काढतील. त्यांच्या निर्णयांची फळे न शिकलेल्यांनाही चाखावी लागतात. ज्याला फळ चाखावयाचे त्याने बीजाविषयी विचारणे गैर नव्हे.

प्रथम पावसाकडे पाहू. आमच्या घरी पंचांग पाहण्याची वहिवाट आहे. मृग लागण्याच्या सुमारास शेती करणारे यजमान अजूनही येतात आणि यंदा वाहन कोणते, पाऊसमान कसे, हे विचारतात. सूर्य मृगात केव्हा प्रवेश करील हे घटकापळांत सांगता येते. पाऊस मात्र त्या घटकेला बांधलेला नाही, हे पंचांगकर्त्यासही ठाऊक असते. तथापि शेकडो वर्षांच्या अनुभवाने शेतकऱ्याने नक्षत्रांशी पेरणीची सांगड घातली होती आणि ती बहुधा उपयोगी पडत होती. सांप्रत ती सांगड सैल होत चालली आहे. याचे कारण शास्त्रज्ञ असे सांगतात की, कोळसा व खनिज तेल जाळल्याने हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड वायू वाढत आहे आणि तो पृथ्वीची उष्णता कोंडून धरतो. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर या वायूचे नियमित मोजमाप सुरू केले, तेव्हा हवेच्या दशलक्ष भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. आज तो ४२० च्या पुढे गेला आहे. हवा एका अंशाने तापली म्हणजे ती शेकडा सुमारे सात इतके अधिक बाष्प धरू शकते. म्हणून कोरडे दिवस लांबतात, आणि पाऊस पडतो तेव्हा एकदम कोसळतो.

आपल्या भागाने ही दोन्ही रूपे थोड्या अंतराने पाहिली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये उत्तर कर्नाटकात महापूर आला. २०२३ मध्ये पावसाने पाठ फिरवली आणि राज्यातील २३६ तालुक्यांपैकी २२३ तालुके सरकारला दुष्काळग्रस्त म्हणून जाहीर करावे लागले. एका पुरावरून किंवा एका दुष्काळावरून हवामान बदलल्याचे सिद्ध होत नाही, हे खरे. पूर आणि दुष्काळ पूर्वीही होते. परंतु फाशांत शिसे भरल्यावर कोणते एक दान शिशामुळे पडले हे सांगता येत नसले, तरी खेळ पूर्वीचा राहिला नाही हे मान्य करावे लागते.

आता यातील पैशाची बाजू पाहा. धारवाडच्या काळ्या रानातला मूग काढणीला यावा आणि नेमकी झड लागावी, म्हणजे शेंगेतच दाण्याला मोड येतात. हे नुकसान बांधावर थांबत नाही. अमरगोळच्या बाजारात आवक घटते. हमालाचा रोज बुडतो, अडत्याची उधारी थकते, कापडाच्या दुकानात लग्नसराईचे गिऱ्हाईक फिरकत नाही. ज्या मलप्रभेचे पाणी सौंदत्तीजवळच्या धरणातून आपल्या दोन्ही शहरांच्या नळांना येते, ती खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते. तेथे घाटमाथ्यावर पाऊस हटला तर येथे टँकरचा खर्च गृहिणीच्या मासिक हिशेबात चढतो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या पीकविमा योजनेत खरिपाच्या धान्यपिकांसाठी शेतकऱ्याने विमारकमेच्या शेकडा दोन इतकाच हप्ता भरावयाचा असतो, उरलेला भार केंद्र व राज्य सरकारे उचलतात. म्हणजे जोखीम वाढली की तिचा खर्च करदात्यांवर, पर्यायाने आपल्या सर्वांवर पडतो. हवामानाचा अर्थशास्त्राशी संबंध काय, याचे उत्तर शोधण्यास आपल्याला परदेशी जावे लागत नाही.

हा संबंध आपल्या उच्च शिक्षणात कोठे आहे? सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये, एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर, पर्यावरणाचे शिक्षण सर्वत्र दिले जावे असे निर्देश दिले. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम आखला. २०२३ मध्ये आयोगाने नवी रूपरेषा प्रसिद्ध केली, तीत हवामानबदलाचा स्पष्ट समावेश आहे. कागदावर पाहता उणीव थोडी दिसते. परंतु आमच्या परिचयाची मुले जे सांगतात त्यावरून असे दिसते की, हा विषय म्हणजे एक सुटा पेपर. व्याख्या पाठ कराव्यात, झाडे लावण्याचे महत्त्व लिहावे आणि उत्तीर्ण व्हावे. त्याच महाविद्यालयात शेजारच्या वर्गात चक्रवाढ व्याज, भांडवलाचा हिशेब आणि विमा शिकवला जातो. दोन्ही वर्गांत बसणारा विद्यार्थी एकच असतो, पण दोन्ही विषयांची गाठ कधी पडत नाही. आमच्या मते दोष नेमका येथे आहे. आणि तो किती खोल आहे हे समजण्यासाठी एका जुन्या शब्दाकडे वळले पाहिजे. तो शब्द म्हणजे वटाव.

आपल्यातील व्यापारी घराण्यांना हुंडीचा व्यवहार समजावून सांगण्याची गरज नाही. तीन महिन्यांनी मिळावयाचे शंभर रुपये आज हवे असतील, तर सराफ शंभरांहून कमी देतो. मधला फरक हा त्याचा वटाव. उद्याचा रुपया आजच्या रुपयाहून हलका, हे त्यामागचे तत्त्व. अर्थशास्त्रज्ञ हेच तत्त्व हवामानाला लावतात. शंभर वर्षांनी होणारे नुकसान टाळण्यासाठी आज किती खर्च करावा, हे ते वटावाच्या दराने ठरवतात. दर शेकडा पाच धरला, तर शंभर वर्षांनंतरच्या एक लाख रुपयांच्या नुकसानीची आजची किंमत अवघी सुमारे ७६० रुपये भरते. दर शेकडा १.४ धरला, तर तीच किंमत सुमारे २४,९०० रुपये होते. नुकसान तेच, घर बुडणारे तेच, माणसेही तीच. केवळ दर बदलल्याने त्यांचे मोल तीस पटींहून अधिक बदलले.

ही काल्पनिक अडचण नव्हे. २००६ मध्ये ब्रिटनमध्ये निकोलस स्टर्न यांनी आपला प्रसिद्ध अहवाल दिला. त्यांनी असे मांडले की, काहीच न केल्यास जगाचे उत्पन्न दरवर्षी शेकडा निदान पाच इतके कायमचे घटेल, आणि व्यापक हिशेबाने ही घट वीस किंवा त्याहूनही अधिक असू शकेल. उलट वेळीच उपाय केल्यास खर्च शेकडा सुमारे एक इतकाच येईल. त्यांच्या हिशेबातील वटावाचा दर शेकडा सुमारे १.४ पडतो. याच क्षेत्रातील कामासाठी २०१८ मध्ये ज्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ते विल्यम नॉर्डहाउस यांनी आक्षेप घेतला की, हा दर फारच कमी आहे. बाजारात माणसे प्रत्यक्ष ज्या दराने व्यवहार करतात त्याच्याशी तो जुळला पाहिजे. दोघेही विद्वान, हवामान बदलत आहे हे दोघांनाही मान्य. तरी आज किती करावे याविषयी त्यांची उत्तरे वेगळी. मतभेदाचे मूळ बव्हंशी त्या एका दरात होते.

मग खरा दर कोणता? आमचे म्हणणे एवढेच आहे की, हा प्रश्न केवळ गणिताचा नाही. फ्रँक रॅम्से या केंब्रिजच्या तरुण गणितज्ञाने १९२८ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, असे लिहिले की, पुढचे सुख केवळ ते पुढचे आहे म्हणून कमी लेखणे नीतीला धरून नाही. ती आपल्या कल्पनाशक्तीची दुर्बलता होय. हुंडीत देणारा, घेणारा आणि भरणारा हे तिघेही व्यवहाराला राजी असतात. हवामानाच्या हुंडीत भरणारा अद्याप जन्मलाच नाही. त्याची संमती कोणी घेतलेली नाही. आपल्या परंपरेने पितृऋण मानले ते पूर्वजांकडून मिळालेले पुढे पोचवण्यासाठीच. जे पूर्वजांचे देणे संततीच्या हाती फेडावयाचे, तेच संततीच्या नावावर उचल म्हणून घेणे याला ऋण फेडणे म्हणता येत नाही.

या विचारावर तीन आक्षेप येतात, आणि ते दुबळे नाहीत.

पहिला असा की, पुढची पिढी आपल्याहून संपन्न असेल. मग आजच्या गरिबाने उद्याच्या श्रीमंतासाठी का झिजावे? हा आक्षेप न्याय्य आहे. ज्या मजुराच्या घरात आज धान्य नाही त्याला शंभर वर्षांनंतरचे गणित सांगणे क्रूरपणा होईल. परंतु पुढची पिढी सरसकट संपन्न असेल हे गृहीत आहे, सिद्धान्त नव्हे. कोरडवाहू शेतकऱ्याची नातवंडे आणि वातानुकूलित घरात राहणाऱ्याची नातवंडे यांची सरासरी काढून कोणाचेच पोट भरत नाही.

दुसरा आक्षेप असा की, हा वायू सोडला मुख्यत्वे पाश्चात्त्य राष्ट्रांनी. भारतात दरमाणशी वर्षाला तो सुमारे दोन टन, अमेरिकेत सुमारे चौदा टन. तेव्हा प्रायश्चित्त त्यांनी घ्यावे. हेही खरे आहे, आणि आपल्या विद्यार्थ्यांनी हे आकडे जगापुढे ठामपणे मांडण्याइतके तयार झाले पाहिजे. परंतु शेजाऱ्याने बांध फोडला म्हणून आपण आपल्या घरातला धान्याचा कणगा उंचावर ठेवू नये, असे होत नाही. शिवाय भारत म्हटले की सारे एक होत नाहीत. आपल्यातही अधिक जाळणारे व अधिक सोसणारे वेगवेगळे आहेत.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा. अध्यापकाने शिकवावे, उपदेश करू नये. दर अमुकच योग्य असे सांगणे म्हणजे वर्गाचे व्यासपीठ करणे होय. येथे आम्ही त्यांच्याशी पूर्ण सहमत आहोत. परंतु दर पाच हा जणू सृष्टीचा नियम आहे अशा थाटात फळ्यावर मांडणे हाही एक उपदेशच आहे; फरक इतकाच की तो उपदेश आहे हे विद्यार्थ्यास कळत नाही. प्रामाणिक अध्यापक दोन्ही दर मांडील, दोन्ही बाजू सांगेल, आणि मग म्हणेल की, येथपर्यंत गणित. येथून पुढे तुझी सदसद्विवेकबुद्धी, आणि तू जो दर निवडशील त्याचे उत्तर तुला द्यावे लागेल.

असे शिक्षण देण्यास आपल्या जोडशहरांइतकी सोयीची जागा क्वचितच असेल. १९४९ मध्ये स्थापन झालेले कर्नाटक विद्यापीठ येथे आहे, १९८६ चे कृषी विज्ञान विद्यापीठ येथे आहे, २०१६ पासून आय.आय.टी. आहे, आणि हुबळीत राज्याचे कायदा विद्यापीठ आहे. मूग का कुजला हे एकाला ठाऊक, त्याचा हिशेब दुसऱ्याला, पाणी कसे अडवावे हे तिसऱ्याला. हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा नागरिकांचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये मान्य केला, त्याचा अर्थ काय हे चौथ्याला. या चौघांचे विद्यार्थी वर्षातून काही दिवस जरी एका शेताच्या बांधावर एकत्र बसले, आणि एका तालुक्याच्या एका हंगामाचे नुकसान कोणी किती सोसले याचा हिशेब त्यांनी मिळून केला, तरी सुट्या पेपरांनी जे साधले नाही ते साधेल. याला मोठा निधी लागत नाही. एकमेकांच्या दारी जाण्याची तयारी लागते.

आणि सभासद कुटुंबांनी काय करावे? आपली मुले-मुली महाविद्यालयांत जातात. गुण किती पडले हे आपण विचारतो, शिकले काय हे क्वचितच विचारतो. यापुढे वाणिज्य किंवा अर्थशास्त्र शिकणाऱ्या मुलाला एवढेच विचारावे की, बाळा, तुमच्या पुस्तकात तुझ्या नातवाचा एक रुपया आज किती पैशांना धरतात, आणि तो दर कोणी ठरवला? त्याला उत्तर देता आले तर उत्तम. न आले, तर तो तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी आपल्या अध्यापकांना विचारील. जो हिशेब आपल्या नावावर पण पुढच्यांच्या खर्चाने मांडला जात आहे तो निदान उघडून पाहावा, इतके तर आपण त्यांचे देणे लागतोच.