सूर्याकडील अखंड पहारा

६ जानेवारी २०२४ रोजी ‘आदित्य-एल१’ हे सूर्यवेधी यान पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरांवर, सूर्याच्या दिशेस, नियोजित कक्षेत स्थिरावले, तेव्हा देशास झालेला आनंद सर्वस्वी रास्त होता. आणि पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलसंस्थेने सिद्ध केलेली अतिनील दुर्बीण त्यावर असल्यामुळे महाराष्ट्रास त्या आनंदात थोडा अधिक वाटा मागण्याचा हक्कही होता. परंतु या यानाच्या कार्याची मुदत पाच वर्षांची ठरलेली आहे, आणि ती सरल्यावर त्या जागी कोण उभे राहणार याची तजवीज आजच व्हावी, असे मला आग्रहाने म्हणावयाचे आहे. कारण सौर वादळांचे शास्त्र एखाद्या यशस्वी मोहिमेने पुढे जाते, त्यांचे भाकीत मात्र अखंड पहाऱ्यावाचून होत नाही.

या अखंडतेचे मोल मुंबईने फार पूर्वी जाणले होते. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन याने सूर्यबिंबावर काही क्षण तळपलेला प्रखर प्रकाश पाहिला, आणि त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी जे चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळले, त्यात कुलाब्याच्या वेधशाळेतील क्षैतिज चुंबकीय क्षेत्राचे मान सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी ढासळले. नेमल्या वेळी वाचन घ्यावे आणि दप्तरात उतरवावे, एवढेच तेथील निरीक्षकांचे काम. सूर्यावर काय घडले होते हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते, तरीही त्यांनी त्यात खंड पडू दिला नाही. त्याच दप्तरावरून २००३ साली ब्रूस त्सुरुतानी, लखिना हे शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांना त्या वादळाची तीव्रता आधुनिक परिभाषेत मांडता आली. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे दिसू लागले, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने वाचने दूषित होतील हे ओळखून वेधशाळेचे संचालक मूस यांनी अलिबागची जागा पसंत केली. १९०४ मध्ये तेथे वेध सुरू झाले, आणि कुलाब्याचे वेध १९०६ पर्यंत चालू ठेवून, दोन्हींचा मेळ बसल्यानंतरच जुने काम थांबविण्यात आले. नव्या यानांच्या नियोजनासाठी याहून थोर उदाहरण मला दिसत नाही.

या साऱ्याशी जालना जिल्ह्यातील आष्टीसारख्या गावाचा संबंध काय, असे कोणी विचारील, तर त्याने तेथील काळ्या रानात मोजणीचे काम एकदा पाहावे. बांधाचा वाद मिटवावयास आलेला भूकरमापक आता साखळी ओढीत नाही. हद्दीच्या दगडाशी रोव्हरची, म्हणजे उपग्रहांचे संकेत टिपणाऱ्या यंत्राची, काठी उभी धरून, तिच्यावरील पातळीचा बुडबुडा मध्यावर येईतो ती सावरून, तो उपग्रहांच्या संकेतांची वाट पाहतो, आणि स्थान पक्के झाल्याची खूण उमटल्यावरच पुढच्या दगडाकडे वळतो. ते संकेत आयनांबरातून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युत्भारित थरातून, येतात. आणि चुंबकीय विषुववृत्तावर, म्हणजे भारताच्या दक्षिण टोकाकडे, वर उचलले गेलेले विद्युत्कण उत्तरेस सरकून मध्य भारतावर दाटत असल्यामुळे, मराठवाड्याचे आकाश या बाबतीत शांत नाही. सौर वादळ आले की ही दाटी भलतेच रूप घेते. १० आणि ११ मे २०२४ च्या वादळात अमेरिकेत ऐन पेरणीच्या हंगामात उपग्रहांच्या भरवशावर चालणारे ट्रॅक्टर थांबले, हे आपल्या कृषिखात्यानेही ध्यानात ठेवावे.

परदेशी यानांची माहिती फुकट मिळत असता आपण खर्च का करावा, हा आक्षेप मी क्षुल्लक मानीत नाही. परंतु त्या माहितीवरून दिल्या जाणाऱ्या इशाऱ्यांची रचना प्रामुख्याने उत्तरेकडील देशांच्या वीजजाळ्यांच्या चिंतेतून झालेली आहे, आणि १९८९ च्या मार्चमध्ये कॅनडातील क्विबेक प्रांत नऊ तास अंधारात राहिल्यावर ती चिंता स्वाभाविकही आहे. आपल्या अक्षांशांवरील आयनांबराचे भाकीत मात्र आपल्यालाच करावे लागेल. शिवाय ‘आदित्य’ जेथे आहे त्या ‘एल-१’ बिंदूवरून मिळणारा पक्का इशारा फार तर तासभर आधीचा असतो, कारण सूर्याकडून येणाऱ्या विद्युत्कणांच्या मेघाचे चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे झुकलेले आहे की नाही, ज्यावर वादळाचा बराचसा जोर ठरतो, हे तो यानापाशी पोहोचल्यावाचून खात्रीने कळत नाही. म्हणूनच युरोपने पृथ्वीच्या ६० अंश मागे, ‘एल-५’ बिंदूवर, ‘व्हिजिल’ हे यान २०३१ मध्ये धाडण्याचे योजिले आहे. सूर्याचा जो भाग चार-पाच दिवसांनी आपल्यासमोर येणार, तो तेथून आधीच दिसेल.

आपल्या नियोजनात, माझ्या मते, ‘एल-१’ वरील वारसदार यानाला पहिला मान असावा. ‘एल-५’ चा विचार त्यानंतर, आणि शक्य तर युरोपच्या सहकार्याने व्हावा. हे वारसदार यान नव्या शोधांच्या हौसेपायी नव्हे, तर हवामानखात्यासारख्या कायमच्या आस्थापनेचा भाग म्हणून, नवी मुंबईतील भूचुंबकत्व संस्थेच्या वेधांशी जोडून मंजूर व्हावे. ‘आदित्य’ची मुदत २०२८-२९ च्या सुमारास भरेल. उपकरणे घडवून त्यांची पारख होण्यास लागणारी वर्षे पाहता, दोन्ही यानांनी किमान एक वर्ष बरोबरीने वेध घ्यावेत अशी इच्छा असेल, तर सरकारने मंजुरीचा कागद आता तहकूब ठेवू नये.