शिवण उसवली ती कड्यावरच

बसा. मोबाईल पिशवीत ठेवा. आज नवीन काही शिकवणार नाही, कारण शिकवलेलं कुठे गेलं तेच मला आधी बघायचंय.

टेबलावर तुमचे चौदा प्रिंट मांडलेत. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, चौदा जणांनी काढलेला. एकेक हातात घेऊन बघा. पहिल्यात आभाळावर उभे पट्टे आहेत, एक काळपट, एक फिका, पुन्हा एक काळपट. दुसऱ्यात क्षितिज सापासारखं वळवळतंय. तिसऱ्यात काठावर बसलेल्या मुलाला तीन हात आहेत. काल विचारलं, हे काय? तर सगळ्यांचं एकच उत्तर: सर, सॉफ्टवेअरनं नीट जोडलं नाही.

हे उत्तर या वर्गात पुन्हा ऐकायचं नाही मला.

सॉफ्टवेअर काय करतं ते नीट ऐका. दोन फोटोंतल्या सारख्या खुणा शोधतं, त्या एकमेकींवर बसवतं आणि कॅमेरा किती अंश वळला असेल त्याचा हिशोब मांडतं. ब्राउन आणि लोव्ह या दोघांनी 2003 साली दाखवून दिलं की फोटो कसेही मिसळून दिले तरी कुठला कुणाच्या शेजारचा हे संगणक स्वतः ओळखू शकतो. एवढं ते बिचारं करतं. पण त्याचं एक गृहीत आहे: कॅमेरा एका बिंदूभोवती फक्त फिरला, जागेवरून हलला नाही. तुम्ही काय केलंत? कॅमेरा डोळ्याला लावलात आणि कंबरेतून वळलात. लेन्स हवेत हात-दीड हात सरकली. पहिल्या फ्रेममध्ये काठावरचा दगड खालच्या बेलपाडा गावाच्या डावीकडे होता, तिसऱ्यात तो उजवीकडे गेला. आता सॉफ्टवेअरनं दगड जुळवायचा की बेलपाडा? एक जुळवला की दुसरा तुटणारच. हा पॅरलॅक्स मी जूनमध्ये शिकवला होता. अंगठा समोर धरायला लावून एकेक डोळा मिटायला सांगितलं होतं. तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या.

दूरचा डोंगर एकटा असता तर हातात धरून काढलेलंही खपून गेलं असतं. पण तुम्हाला पुढ्यात गवत हवं, दगड हवेत, पाय सोडून बसलेला मित्र हवा. जवळचं घेतलंत की कॅमेरा त्याच्या खऱ्या बिंदूभोवती फिरवावाच लागतो. तो बिंदू बॉडीखालच्या स्क्रूच्या जागी नसतो. लेन्समध्ये समोरून डोकावलं की आत जे छिद्र दिसतं, त्याच्या जागी असतो. तो शोधायला दहा मिनिटं लागतात. एक काठी जवळ रोवा, दुसरी लांब, दोन्ही एका रेषेत आणा. कॅमेरा डावी-उजवीकडे फिरवा. काठ्या एकमेकींपासून सुटल्या की कॅमेरा ट्रायपॉडवरच्या सरकत्या पट्टीवर मागे-पुढे सरकवा, सुटेनाशा होईपर्यंत. मग पट्टीवर पेन्सिलीनं खूण करा. त्या लेन्सपुरतं ते काम कायमचं झालं. तुमच्यापैकी किती जणांच्या पट्टीवर खूण आहे? एकाच्या. आणि त्यानं ट्रायपॉड जड होतो म्हणून पायथ्याच्या पाचनई गावात ठेवला होता.

आभाळातले पट्टे कुठून आले? एक्स्पोजर ऑटोवर होतं. दुपार कलल्यावर सूर्य पश्चिमेला, कड्याचं तोंडही पश्चिमेला. सूर्याच्या बाजूची फ्रेम कॅमेऱ्यानं आपण होऊन दाबली, उलट बाजूची उजळली. व्हाइट बॅलन्सही ऑटोवर, म्हणून एका तुकड्यातला कातळ निळा आणि शेजारच्यातला पिवळा. छिद्र, शटर, फोकस, रंग हे चारही पहिल्या फ्रेमआधी बांधून टाकायचे आणि शेवटच्या फ्रेमपर्यंत हात लावायचा नाही. दोघांनी पोलरायझर लावला होता. आभाळाचं ध्रुवीकरण सगळीकडे सारखं नसतं, सूर्यापासून नव्वद अंशांवर ते सर्वांत जास्त असतं. म्हणून या प्रिंटमध्ये आभाळाच्या मधोमध काळानिळा डाग पडलाय. रुंद चित्राला पोलरायझर लावायचा नाही.

फुल-फ्रेम कॅमेऱ्याला 50 मिलिमीटरची लेन्स, कॅमेरा उभा धरलेला: एका फ्रेममध्ये आडवे 27 अंश मावतात. एक तृतीयांश भाग शेजारच्या फ्रेमवर चढवायचा, म्हणजे दर वेळी 18 अंश पुढे. अर्धा गोल भरायला दहा फ्रेम लागतात. एकानं चारच काढल्या, त्याही आडव्या, आणि शिवणीला कापडच उरलं नाही.

ही शेवटची ओळ बघा. इथे माणूस कडेला गेला की ओंडक्यासारखा रुंद झालाय. दीडशे अंशांचं दृश्य सपाट प्रक्षेपात पसरलंत. मध्याच्या तुलनेत कडेचा आडवा ताण 120 अंशांना 4 पट होतो आणि 150 अंशांना जवळजवळ 15 पट. मेनूमध्ये दंडगोलाकार प्रक्षेप त्याच्या शेजारीच होता. निवडायला एक बोट लागलं असतं, पण त्याआधी विचार करावा लागला असता. आणि हा कडा वाटीसारखा आत वळलेला आहे, हे पालथं पडून बघितलंत ना? चापाच्या एका टोकाशी उभे राहिला असतात तर समोरची भिंत वळताना दिसली असती, फ्रेमही कमी लागल्या असत्या. सगळे मधोमध उभे राहिलात, कारण सगळे तिथेच उभे राहतात.

1848 साली फोंटेन आणि पोर्टर या दोघांनी अमेरिकेत ओहायो नदीच्या पलीकडून सिनसिनाटी शहराचा घाट टिपला. चांदीचा मुलामा दिलेल्या आठ तांब्याच्या पत्र्यांवर, एकामागून एक. जोडणारं यंत्र नव्हतं, पत्रे नुसते शेजारी मांडायचे. त्या पत्र्यांवर आज सूक्ष्मदर्शकातून मनोऱ्यावरच्या घड्याळाची वेळ वाचता येते. त्यांच्याकडे दुसरी संधी नव्हती, म्हणून प्रत्येक पत्रा त्यांनी मन लावून काढला. तुमच्याकडे हजार फोटोंचं कार्ड आहे आणि दहा फोटो धड नाहीत.

हे सगळं मी एक वेळ माफ करीन. हाताला सवय नाही, होईल. पण या चौदाव्या प्रिंटला माफी नाही. ज्याचा आहे त्यानं मान वर करावी. उजव्या कोपऱ्यात जागा रिकामी राहिली, ती तू संगणकाकडून भरून घेतलीस. रोहिदास शिखराशेजारी एक धार उमटली आहे, उतारावर झाडी आहे, वर ढगही आहे. ती धार सह्याद्रीत नाही. मी चाळीस वर्षं या डोंगरांत फिरतोय, मला ती कुठे भेटली नाही. कोपरा रिकामा राहिला तर चित्र कापून लहान करायचं. चार बोटं कमी झाली तरी जे उरतं ते खरं असतं. उद्या हे चित्र बघून कुणी म्हणेल की त्या बाजूनं उतार आहे, उतरता येईल. तिथे काय आहे हे तू डोळ्यांनी पाहिलंयस ना?

प्रिंट परत घेऊन जा. गुण कुणालाच दिलेले नाहीत. येत्या रविवारी पुन्हा पाचनईनं चढायचं आहे, मीही येतोय. ट्रायपॉड प्रत्येकाच्या खांद्यावर असेल, आणि पट्टीवर पेन्सिलीची खूण असल्याशिवाय कुणी गाडीत बसणार नाही. काठापासून चार पावलं आत उभं राहायचं. सोमवारी सकाळी प्रत्येकानं दहा फ्रेम माझ्या टेबलावर ठेवायच्या, कॅमेऱ्यातून निघाल्या तशा. जोडलेलं चित्र कुणीही आणू नका.