परतीची गाडी

माणसे खेडे सोडून जातात याबद्दल हळहळ व्यक्त करणे शहरवासीयांना कठीण जात नाही. धर्मगुरू या नात्याने आम्हीही ती बरीच वर्षे केली. एटापल्लीपलीकडील एका टोल्यावर आम्ही समाधानी वनजीवनाचे कौतुक करीत असता एक गृहस्थ शांतपणे म्हणाले, ‘फादर, तुम्ही संध्याकाळी परत जाल. रात्री लेकराला ताप आला तर आम्ही कुठं जावं?’ आमचे प्रवचन तेथेच संपले.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. तरी सिरोंच्याहून नवे मुख्यालय दोनशे किलोमीटरहून अधिकच राहिले. भामरागडला पर्लकोटेचा पूर आला की वाट बंद. अहेरी ते गर्देवाडा मार्गावर एस.टी. प्रथम धावली ती १ जानेवारी २०२५ रोजी. लोकलच्या गर्दीने त्रासलेल्या वाचकांनी ही तारीख पुन्हा वाचावी.

एस.टी. न पोहोचलेल्या गावांतही ठेकेदाराची गाडी मात्र पोहोचते. धान निघाले की शिवारात काम उरत नाही. मग इकडील बायामाणसे मिरची तोडायला तेलंगणात, खम्मम-वरंगळकडे जातात. मुले सोबत गेली की त्यांची शाळा सुटते. मजूर नेण्यापुरता रस्ता आणि मजुराच्या गरजेचा रस्ता नकाशावर एकच दिसतात. नीतीच्या दृष्टीने ते एक नव्हेत.

रस्ते झाले की तरुण निघून जातील, अशी भीती घालणारेही आहेत. काही जातील, खुशाल जावोत. अडकून पडण्याला आम्ही मातीवरील निष्ठा म्हणू शकत नाही. जाण्याचे वा राहण्याचे स्वातंत्र्य हाच विषय पोप फ्रान्सिस यांनी २०२३ च्या स्थलांतरित दिनाच्या संदेशासाठी निवडला होता. राहण्याचे स्वातंत्र्य कशाने मिळते, याचे एक उत्तर गडचिरोलीतच आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने नव्वदच्या दशकात ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना शिकवून नवजात बालकांची शुश्रूषा घरोघरी नेली, नवजातांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. सर्वच सेवा अशा दारी येणार नाहीत. महाविद्यालय किंवा शस्त्रक्रियागृह टोल्यावर येत नाही. तेथे गाडीच हवी. सकाळी जाऊन रात्री घरी परतता आले तर तो प्रवास होतो. नाही आले तर तालुक्याला खोली घ्यावी लागते, आणि हळूहळू घरच मागून जाते.

त्या गृहस्थांचा मुलगा आता बल्लारपूरला असतो. गर्देवाड्याला बस सुरू झाल्याचे आम्ही त्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, ‘परतीची किती वाजता?’