माळ्यावरचा पट्टा

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर एक दांडपट्टा होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो खाली उतरायचा. राखेनं घासून, तेलाचा हात फिरवून पाटावर ठेवायचा, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं आणि एकादशीला परत वर. घरात तो फिरवताना मी कुणालाच पाहिलं नाही. आजोबा कचेरीत कारकून, वडील शाळामास्तर, मी गणित शिकवून निवृत्त. पण आपले पूर्वज बिंबाजी भोसल्यांच्या फौजेबरोबर इकडे आले, ही गोष्ट दरवर्षी पट्ट्यासोबत माळ्यावरून खाली यायची. बिंबाजींनी १७५८ ते १७८७ अशी जवळपास तीस वर्षं रतनपुरातून छत्तीसगडचा कारभार पाहिला, हे खरं. त्यांच्या फौजेत आमचं कुणी होतं, असा कागद मात्र घरात नाही.

गेल्या वर्षी नात तलवारबाजीच्या क्लासला जाऊ लागली. चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळात सहज विषय निघाला, तेव्हा एक स्नेही म्हणाले, "अहो, तिला शिकवायचं काय त्यात? आपल्या रक्तातच आहे ते!" सगळे हसले, मीही हसलो. घरी आल्यावर मात्र ते वाक्य दातात अडकलेल्या बडीशेपेसारखं सलत राहिलं. रक्तातच होतं, तर ऑलिंपिकच्या तलवारबाजीत पहिला भारतीय खेळाडू दिसायला २०२१ साल का उजाडावं? आणि जो देश बंदुकीच्या नावानं ओळखला जातो, त्या अमेरिकेनं या खेळात गेल्या वीस वर्षांत एवढी मजल कशी मारली?

अमेरिकेची सुरुवात तशी फसवीच. १९०४ साली सेंट लुइसच्या ऑलिंपिकमध्ये त्यांना या खेळात सुवर्ण मिळालं होतं, पण त्या वर्षी समुद्र ओलांडून तिथं फारसं कुणी गेलंच नव्हतं. घरचंच कार्य आणि पंगतीलाही घरचेच. पुढची शंभर वर्षं त्यांच्या वाट्याला या खेळातलं एकही सुवर्ण आलं नाही. इटली, फ्रान्स, हंगेरी आणि नंतर सोव्हिएत संघ यांच्या ताटातलं सांडलंलवंडलं अधूनमधून मिळे. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला पीटर वेस्टब्रुकनं सेबर या तलवारीच्या प्रकारात कांस्य मिळवलं आणि त्यानंतर पुन्हा वीस वर्षं कोरडी.

२००४ च्या अथेन्सनं चित्र पालटलं, तेही नशिबानं. मेरियल झॅगुनिस ही एकोणीस वर्षांची मुलगी पात्रतेत थोडक्यात हुकली होती. नायजेरियानं आपली जागा सोडली म्हणून तिला प्रवेश मिळाला आणि ती सेबरचं सुवर्ण घेऊन परतली. २००८ ला बीजिंगमध्ये याच प्रकारातली तिन्ही पदकं अमेरिकी मुलींची होती. २०२१ ला टोकियोत आणि पुन्हा २०२४ च्या पॅरिसमध्ये ली कीफरनं फॉइल या दुसऱ्या प्रकाराचं सुवर्ण जिंकलं. पॅरिसच्या अंतिम लढतीत तिच्यासमोर लॉरेन स्क्रग्ज ही अमेरिकीच होती. चारच दिवसांत अमेरिकी मुलींनी इटलीला ४५-३९ असं हरवून सांघिक सुवर्णही नेलं. तलवारबाजीतलं त्यांच्या देशाचं ते पहिलं सांघिक सुवर्ण.

हे घडलं कसं? पहिलं कारण म्हणजे घर सोडून आलेले गुरुजी. सोव्हिएत संघ आणि त्याच्या भोवतालची राज्यव्यवस्था कोसळली, तसे पूर्व युरोपातले निष्णात प्रशिक्षक पोटापाण्यासाठी बाहेर पडले. पोलंडचे एड कोर्फांटी ओरेगॉनमध्ये स्थिरावले. झॅगुनिस त्यांच्या हाताखाली घडली. कीव्हहून आलेले युरी गेलमन न्यूयॉर्कमध्ये शिकवू लागले. त्यांचा शिष्य कीथ स्मार्ट २००३ मध्ये जागतिक क्रमवारीत पहिला आला, तिथवर पोहोचलेला तो पहिला अमेरिकी. आपल्याकडे गवई दरबार सोडून गेला की घराणं त्याच्याबरोबर दुसऱ्या गावी जाई, तसंच हे.

दुसरं कारण वेस्टब्रुक स्वतः. न्यूअर्कच्या गरीब वस्तीत वाढलेला, वडील कृष्णवर्णीय, आई जपानी. पोरगा वाईट संगतीला लागू नये म्हणून आईनं त्याला तलवारबाजीला धाडलं आणि जावं म्हणून पाच डॉलरचं आमिष दाखवलं. त्यानं १९९१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये संस्था काढली आणि शनिवारी सकाळी मुलं जमवायला सुरुवात केली. ज्या खेळाच्या क्लबात पूर्वी गोऱ्या धनिकांचाच वावर असे, तिथं ब्रुकलिन-क्वीन्सची पोरं तलवार धरू लागली. कीथ स्मार्ट आणि त्याची बहीण एरिन तिथलेच. २००८ ला दोघांनीही सांघिक रौप्य मिळवलं.

तिसरं कारण कुणी भाषणात सांगत नाही, पण तेच सगळ्यात जोरकस असावं. पॅरिसच्या त्या सुवर्णविजेत्या चौघींच्या विद्यापीठांकडे पाहा. कीफर नॉट्र डेमची, स्क्रग्ज हार्वर्डची, जॅकी दुब्रोविच कोलंबियाची, माया वाइनट्रॉब प्रिन्स्टनची. तिथल्या नामांकित विद्यापीठांना आपल्या तलवारबाजी संघासाठी खेळाडू लागतात आणि खेळणाऱ्या मुलाला प्रवेशाच्या रांगेत पुढची जागा मिळते. पोराला हार्वर्डचं दार उघडणार असेल, तर आईबाप दहा वर्षं पैसा ओततात. त्या पैशावर क्लब चालतात आणि क्लबांवर कीव्हहून आलेल्या गुरुजींचं घर.

दाराला किंमत आली की दारावर गर्दीही होते. हार्वर्डच्या तलवारबाजी प्रशिक्षकाचं घर एका पालकानं बाजारभावाहून कितीतरी जास्त किमतीला घेतल्याचं उघड झालं आणि २०१९ मध्ये प्रशिक्षकाची नोकरी गेली. पुढे २०२२ मध्ये ज्युरीनं दोघांनाही लाचखोरीच्या आरोपातून निर्दोष सोडलं. कायद्यानं प्रकरण मिटलं, पण एका खेळाला केवढं मोल चढलं होतं ते दिसून गेलं.

आता आपल्याकडे वळू. ऑलिंपिकमधली ती पहिली भारतीय तलवारबाज, भवानी देवी, चेन्नईची. २००४ मध्ये शाळेत खेळ निवडायची वेळ आली, तेव्हा बाकीच्या खेळांतल्या जागा भरल्या होत्या, तलवारबाजी उरली होती. सराव बांबूच्या काठ्यांनी. पहिल्याच परदेशी स्पर्धेत तीन मिनिटं उशीर झाला म्हणून काळं कार्ड, म्हणजे थेट बाहेर. ती घडली केरळातल्या थलश्शेरीच्या भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या (साई) केंद्रात. तिथं तिचे प्रशिक्षक होते सागर लागू. आडनाव ऐकून आपले कान टवकारतात. तमिळ मुलगी, केरळातलं केंद्र, मराठी आडनावाचा गुरू आणि पुढे इटलीत निकोला झानोत्तींकडे धडे, असा तिचा प्रवास. टोकियोत तिनं पहिली लढत १५-३ अशी जिंकली, दुसरीत फ्रान्सच्या मानों ब्रुनेकडून हरली. २०२३ च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत जपानच्या जगज्जेत्या मिसाकी एमुराला हरवून कांस्य आणलं. यात रक्ताचा भाग कितीसा, आणि रोज सकाळी समोर उभ्या राहणाऱ्या माणसाचा किती?

दारं आपल्याकडेही आहेत. महाराष्ट्रात खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडागुण आहेत. आमच्या छत्तीसगडात 'उत्कृष्ट खिलाड़ी' घोषित झालं की नोकरीची वाट मोकळी होते. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, अमेरिकेतही खेळ दारामुळंच वाढला. फरक इतकाच की तिथलं दार खेळत राहणाऱ्याला उघडतं. विद्यापीठाला पुढची चार वर्षं त्याची तलवार हवी असते. आपल्या दारातून आत गेलं की तलवार बाहेर चपलांपाशी ठेवली तरी कुणी विचारत नाही. गुणपत्रिकेवर गुण चढले, पोरगं शिकवणीला गेलं. नेमणुकीचा कागद आला, किट माळ्यावर गेलं. घडलेला खेळाडू शिकवायला परत हॉलमध्ये येत नाही आणि पुढच्या मुलांपुढे उभं राहायला माणूस उरत नाही.

नातीच्या हॉलमध्ये मी भिंतीशी खुर्ची टाकून बसतो. सतरंजीवजा मॅट, एकच स्कोअरिंग पेटी, रांगेत थांबलेली बारा-पंधरा मुलं. सेबरमध्ये कमरेच्या वर जवळपास कुठंही लागलं तरी गुण, म्हणून धातूच्या तारा विणलेलं जाकीट घालावं लागतं. पुरेशी जाकिटं नाहीत, म्हणून एकाचं ओलं जाकीट दुसऱ्याच्या अंगात जातं. घामानं त्यावर हिरवट डाग पडतात आणि तेवढ्या जागी वार लागूनही दिवा पेटत नाही. परवा नात रडवेली होऊन आली, "आजोबा, मी मारलं होतं, लाइटच लागली नाही." तिचे सर मीटर घेऊन आले, जाकिटावर दोन टोकं टेकवत इंच इंच सरकत गेले. खांद्यापाशी काटा पडला. ते तिला म्हणाले, "बेटा, घर जाके हैंगर पे टाँगना, मोड़ना नहीं।" मग तोच वार त्यांनी तिच्याकडून वीस वेळा करून घेतला. मला वाटतं, खेळ वाढतो तो या वीस वेळांमध्ये. पदकाचा दिवस फार नंतर येतो.

या दसऱ्याला पट्टा खाली आला, तेव्हा नातीनं हट्टानं हातात घातला. त्याची मूठ म्हणजे कोपरापर्यंतचा लोखंडी खोबणा. तिनं सवयीनं मनगट वळवायला पाहिलं आणि थांबली. "आजोबा, यात मनगट हलतच नाही!" खरंच की. तिचा सेबर बोटांवर आणि मनगटावर खेळतो, पट्टा खांद्यातून आणि कंबरेतून फिरतो. एकाचं दुसऱ्यात उतरेल असं त्यात काहीच नाही. स्नेह्यांचं रक्ताचं वाक्य त्या खोबण्यात अडकून राहिलं.

"मग हे कसं फिरवतात?" तिनं विचारलं. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला, तेव्हा मंडळात आम्ही आनंदानं बोललो होतो. कोल्हापूरच्या पेठांत तो अजून फिरतो, तिथं मर्दानी खेळाचे वस्ताद आहेत. तात्यापाऱ्यात मात्र तिच्या प्रश्नाला उत्तर देणारं कुणी नव्हतं. पट्टा आमच्या घरात नुसताच पूजेला उरला, कारण रायपुरात त्याचा वस्ताद उरला नाही.

मी तिला तेवढंच सांगितलं, "ठाऊक नाही बाई. शिकवणारा हवा."