खर्जाची जागा

संध्याकाळची वेळ निवडा. दिवसाची वर्दळ ओसरलेली, जेवायला अजून अवकाश. पंखा बंद करा. नवा सबवूफर खोक्यातून काढून भिंतीशी ठेवला असेल, पण त्याची वायर अजून जोडू नका. आधी आपल्या रोजच्या जागी बसा. स्वयंपाकघरातला फ्रिज घुमत असेल, तो ऐका. खोली कशी ऐकू येते ते आधी कळू दे.

आता रोजच्या दोन स्पीकरांवर फक्त तानपुरा लावा. गाणं नको, तबला नको. काळी एकमध्ये लावलेला, पुरुष गायकाच्या साथीचा तानपुरा, दहा मिनिटं. डोळे मिटा.

पंचम येतो. मग जोडीच्या दोन तारा. मग खर्ज. पुन्हा पंचम. तीन-चार आवर्तनं नुसती जाऊ द्या आणि मग लक्ष शेवटच्या तारेवर ठेवा. काळी एकचा षड्ज साधारण 138 हर्ट्झचा, आणि खर्ज त्याच्या निम्म्याने, 69. पाच इंची पडद्याच्या लहान स्पीकराचा आवाज बहुधा इथूनच, साठ-सत्तर हर्ट्झपासून, ओसरू लागतो. तरीही खर्ज तुम्हाला ऐकू येतोच आहे. त्या तारेतून 69 बरोबरच 138, 207, 276 असे स्वरही उमटतात, जवारी त्यांना उजळते, आणि त्यांच्यातल्या सारख्या अंतरावरून कान मूळ स्वर स्वतःच उभा करतो. इतकी वर्षं ह्या खोलीत ऐकलेल्या खर्जात तुमच्या कानाचाही वाटा होता. ह्या जाणिवेपाशी थोडं थांबा.

तानपुऱ्याच्या नादात मूळ कंपनाचा भाग तसाही थोडकाच असतो. म्हणूनच मला परीक्षेला तानपुरा हवा. दणके देणाऱ्या संगीतावर कुठलाही सबवूफर पहिल्या दिवशी खूश करतो. तानपुऱ्यावर मात्र तो जराही जास्त झाला, की खर्ज फुगतो, जवारीचं तेज मंदावतं, आणि चार तारांची गुंफण सुटते.

आता उठा. सबवूफर उचला आणि तुम्ही बसला होतात तिथे ठेवा, तुमच्या जागी. अॅम्प्लिफायरला सबवूफरसाठी वेगळी जागा नसेल, तर बऱ्याच सबवूफरांना स्पीकरच्या टर्मिनलांवरूनच वायर घेता येते. ती अॅम्प्लिफायर बंद करून जोडा. मग संगीत न लावता सगळं सुरू करा आणि ऐका. बारीक, अखंड ‘हंऽऽ’ आला, तर ती बहुतेक वेळा 50 हर्ट्झच्या विजेची गुणगुण असते. अॅम्प्लिफायर आणि सबवूफर यांचे प्लग एकाच बोर्डावर घेतले की पुष्कळदा जाते.

आता पखवाज लावा, विलंबित. त्याच्या डाव्या तोंडाला, धुम्याला, ओली कणीक लावलेली असते, तिच्या वजनाने तो खोल बोलतो. तुम्ही मात्र खुर्चीत नाही, जमिनीवर. भिंतीच्या कडेने गुडघ्यांवर हळूहळू सरका, कान सबवूफर ठेवता येईल तितक्या उंचीवर. एका कोपऱ्यात धुमा गडगडेल, बोलांची अक्षरं एकमेकांत मिसळतील. चार पावलांवर तो जवळजवळ नाहीसा होईल. यंत्र तेच, ठेका तोच.

हे खोलीचं काम आहे. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. म्हणजे 69 हर्ट्झची एक लाट जवळपास पाच मीटर लांब, आणि तुमची खोली समजा बारा फूट, साडेतीन मीटरहून किंचित मोठी. अख्खी लाट तिच्यात मावत नाही. 47 हर्ट्झच्या आसपास मात्र अर्धी लाट भिंतीपासून भिंतीपर्यंत नेमकी बसते. मग तो स्वर दोन्ही भिंतींपाशी दाटतो आणि मधोमध विरतो. कोपऱ्यात खोलीचे असे सगळेच स्वर एकदम जागे होतात. पुष्कळ घरांत सबवूफर कोपऱ्यात ढकलला जातो, कारण तिथे तो पायात येत नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं.

सरकत राहा. घाई नको. एका ठिकाणी ‘धा’ सुटा ऐकू येईल: त्याची सुरुवात, त्याचा घुमारा, आणि त्याचं संपणंही. विशेषतः संपणं. उगम आणि कान यांची अदलाबदल केली तरी त्यांच्यातली वाट तीच राहते, म्हणून तुम्हाला जिथे स्वच्छ ऐकू आलं तिथे सबवूफर ठेवा आणि आपल्या जागी परत या.

पुन्हा तानपुरा. सबवूफर किती वरच्या स्वरापर्यंत वाजेल ते ठरवणारं क्रॉसओव्हरचं बटण 60 च्या आसपास. सुमारे 80 हर्ट्झच्या खाली आवाज कुठून येतो हे कानाला नीट उमगत नाही, म्हणून तर दोन स्पीकरांना एक सबवूफर चालतो. बटण 120 वर नेलंत तर गवयाच्या छातीतला आवाज खोलीच्या भलत्याच बाजूला सरकेल. फेजचं बटण घरातल्या कुणाला तरी 0 आणि 180 असं फिरवायला सांगा. खुर्चीतून जिथे खर्ज भरीव वाटतो ते ठेवा.

मग आवाज. शून्यापासून, केसाएवढा वाढवत. मिरजेचे कारागीर जवारी लावताना तारेखालचा दोरा असाच सरकवतात: जरा पुढे, ऐकायचं, जरा मागे, पुन्हा ऐकायचं. खर्ज ‘आला’ असं वाटलं की तो जास्त झालेला असतो. किंचित मागे या. खालच्या मजल्यावर कुणी राहत असेल तर सबवूफरखाली जाड रबर घाला. हे स्वर स्लॅबमधून सहज उतरतात. आणि रात्री हळू ऐकताना खालचे स्वर कमी वाटले, तर बटणाला हात लावू नका. आवाज लहान झाला की कानाला तळाचे स्वर इतरांपेक्षा जास्त उणे होतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच ते मोजून दाखवलं आहे.

डोळे मिटा. पंचम, जोडी, खर्ज. दहा आवर्तनं. आता सबवूफर बंद करा. स्वर सगळे आहेत, पण समोरची भिंत पुढे आल्यासारखी वाटेल; ध्वनिमुद्रण झालं त्या दालनाची हवा निघून गेलेली असेल. पुन्हा सुरू करा. भिंत मागे जाईल. भोपळ्याचा आकार जाणवेल, तार आणि भोपळा यांच्यामधली जागाही.

तानपुरा संपेपर्यंत बसून राहा. मग खडू घेऊन सबवूफरच्या चारही कडांना जमिनीवर खुणा करा. उद्या केर काढताना तो हलेल.