जन्म कोणत्या तारखेचा?

एखाद्या वस्तूचा जन्म नक्की केव्हा झाला, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. मला तो पडला संगणकामुळे. बँका, शाळा, दवाखाने आपल्या नोंदी ज्या पेटाऱ्यांत ठेवतात त्यांना डेटाबेस म्हणतात, आणि अशा अनेक पेटाऱ्यांची व्यवस्था पाहणारा एक कारभारी असतो. एसक्यूएल सर्व्हर हा त्यांपैकी एक. त्याच्या खतावणीत प्रत्येक डेटाबेसपुढे निर्मितीची तारीख असते. पण गंमत अशी, की डेटाबेसचे नाव बदलले की ही तारीखही बदलते! आत दहा वर्षांच्या नोंदी असोत. कारभाऱ्याच्या लेखी पेटारा कालचा. पोस्टग्रेसक्यूएल हा दुसरा कारभारी तर जन्मतारीख मुळी लिहूनच ठेवत नाही. मग जाणकार आतल्या एखाद्या फाइलीवरची तारीख पाहून अंदाज बांधतात. जुन्या काळी आजीबाई प्लेगच्या सालावरून आपले वय सांगत, तसा.

पण यंत्राला हसण्याचा अधिकार आपल्याला आहे का? लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यांत अंगठीने नव्या सुनेचे नाव लिहिण्याची चाल आपल्याकडे आहे. वीस वर्षे जी कुसुम होती, ती त्या क्षणी सुनंदा होते. सासरच्या खतावणीत तिचा जन्म त्या दिवसाचा! तिची शाळेतली बक्षिसे, तिच्या मैत्रिणी, तिचे गाणे, सारे आतच असते; पण त्याची नोंद कुठे नसते. पुढे एखादा दाखला काढायची वेळ आली, की दोन्ही नावे एकाच बाईची आहेत, हे सिद्ध करायचे तिनेच.

कोणी म्हणेल, नव्या नावाने नवे आयुष्य सुरू झाले, तर त्यात वाईट काय? काहीच नाही. नवी तारीख लिहिण्याला माझा विरोध नाही. जुनी पुसण्याला आहे. डेटाबेस सांभाळणारा शहाणा माणूस तो केव्हा, कोणी, कशासाठी उघडला हे त्याच दिवशी वेगळे टिपून ठेवतो, आणि नाव बदलले तर जुन्या नावाशेजारी नवे लिहितो. पुरावा देण्याचे ओझे पेटाऱ्यावर नाही, नाव बदलणाऱ्यावर आहे. माणसांच्या बाबतीतही मला हाच न्याय खरा वाटतो.

या भाऊबिजेला कितीतरी घरांत पाटावर बसलेला भाऊ बहिणीला तिच्या माहेरच्या नावाने हाक मारील. घरातल्या मुलांनी ते नाव ऐकावे. आणि जमल्यास कुठेतरी लिहूनही ठेवावे.